नवा मुलूख आणि सावज : शिकारीच्या संहितांतील स्थलांतरित

१

शिकारीच्या लेखनाकडे मराठी समीक्षेने प्रायः दोन दृष्टींनी पाहिले आहे. एक तर ते साहसकथेचे उपांग मानून कुमारवाङ्मयाच्या कप्प्यात टाकले गेले. नाहीतर 'निसर्गलेखना'ची प्राथमिक, काहीशी लाजिरवाणी अवस्था म्हणून त्याची बोळवण झाली. बंदूक टाकून दुर्बीण हाती घेणारा लेखक हा ह्या दुसऱ्या दृष्टीचा आदर्श होय. त्याच्या जीवनक्रमात हिंसेकडून करुणेकडे जाणारी एक सरळ रेषा दाखवता येते, आणि समीक्षेला सरळ रेषा आवडतात. ही रेषा काढताना एक साधा प्रश्न मात्र विचारायचा राहून जातो : हा शिकारी कोठला? ज्या रानात तो उभा आहे ते त्याचे आहे, की तो तेथे नव्याने आलेला आहे?

नव्या मुलखात आलेल्या शिकाऱ्यापुढे तीन प्रश्न असतात. येथे कोणते सावज आहे? त्यावर कोणाचा अधिकार आहे, म्हणजे परवानगी कोणाची? आणि वाट कोण दाखवणार? स्थानिक माणसाला यांतला एकही प्रश्न शब्दांत विचारावा लागत नाही. पहिल्याचे उत्तर त्याने लहानपणीच पायांनी मिळवलेले असते, दुसऱ्याचे उत्तर त्याच्या जातीने आणि गावाने दिलेले असते, आणि तिसरा प्रश्न त्याला पडतच नाही, कारण वाट दाखवणारा तोच असतो. शिकारीचे लिखित वाङ्मय प्राधान्याने ह्या तीन प्रश्नांतून जन्मते. ते परक्याचे, निदान परका झालेल्याचे वाङ्मय आहे, असे येथे सुचवायचे आहे. त्यासाठी सातारा-सांगली ह्या एकाच टापूशी जोडलेल्या तीन प्रकारच्या संहिता एकमेकींशेजारी ठेवून पाहू.

२

हा टापू निवडण्यामागे ऐतिहासिक कारण आहे. 'नव्या राज्यात जाणे' ही घटना येथे फार दूरच्या प्रवासाची नव्हती. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले आणि इंग्रजी जिल्हा अस्तित्वात आला. परंतु त्याच्या अंगाखांद्यावर औंध, फलटण, जत, सांगली, मिरज अशी लहानमोठी संस्थाने विखुरलेली राहिली. त्यांचे प्रदेशही सलग नव्हते. औंधची गादी साताऱ्याकडे, तर तिचा आटपाडी महाल दूर पूर्वेला, माणदेशी माळावर. दिवसभराच्या पायपिटीत माणूस एका अंमलातून दुसऱ्या अंमलात जाई. जनावरांना ह्या सीमा नव्हत्या. काळवीट इंग्रजी हद्दीत चरे आणि संस्थानी हद्दीत पाणी पिई. त्याच्या मागावर निघालेल्या माणसाला मात्र मध्ये सत्ता ओलांडावी लागे. १९४८ मध्ये संस्थाने विलीन झाली, १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. शंभर-सव्वाशे वर्षांत येथला माणूस जागचा न हलताही अनेकदा 'नव्या राज्यात' गेलेला आहे.

ह्या मुलखातील शिकारीची पहिली पद्धतशीर संहिता म्हणजे १८८५ साली प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा साताऱ्यावरील खंड. गॅझेटियर ही ललित कृती नव्हे, हे उघड आहे. तथापि तिचा एक अभिप्रेत वाचक आहे, आणि अभिप्रेत वाचक असेल तेथे समीक्षेला प्रवेश असतो. हा वाचक बदलीवर आलेला अधिकारी होय. उद्या कलेक्टर कचेरीत, पोलीस खात्यात किंवा बांधकाम खात्यात रुजू होणाऱ्या गृहस्थाला जमीन, पाऊस, जाती, सारा यांच्याबरोबरच जनावरांचीही माहिती हवी असते. हवा कशी, रस्ते कसे, तसेच सावज कसे. शिकार ही येथे नोकरीला जोडून मिळणारी सोय आहे.

अशा संहितेचे व्याकरण पाहण्यासारखे असते. तिच्यात जनावरांची नामे येतात, स्थळांची नामे येतात. शिकार करणाऱ्या स्थानिकाचे नाव येत नाही. जातींच्या प्रकरणात रामोशी, पारधी यांची वर्णने असतात, तर रानाच्या प्रकरणात जनावरांची. माग काढणारा माणूस आणि माग ठेवणारे जनावर ही दोन वेगवेगळ्या प्रकरणांत वाटली गेली, आणि त्यांच्यामधले ज्ञान कोणत्याच प्रकरणात उरले नाही. ही विभागणी निरुपद्रवी नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्या हालचालींवर पुढे हजेरीची साखळी आली, त्यांत पारधी होते. बदलीवरच्या साहेबाला नव्या जिल्ह्यात शिकारीची मुभा होती. जन्माने शिकारी असलेल्या माणसाला गावाची शीव ओलांडण्यासाठी पास लागत होता. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. नव्या मुलखात जाण्याचा हक्क कोणाला आणि त्याची शिक्षा कोणाला, याचे इतके स्पष्ट वाटप क्वचितच आढळेल.

येथे जिम कॉर्बेटचे उदाहरण उपयोगी पडते. तो बदलीवरचा अधिकारी नव्हता. नैनितालमध्ये जन्मलेला आणि कुमाऊंच्या रानाला आतून ओळखणारा होता. १९४४ साली त्याचे पहिले गाजलेले पुस्तक निघाले, १९४७ मध्ये त्याने भारत सोडून केनिया गाठले, आणि उरलेली बहुतेक पुस्तके त्यानंतर, १९५५ मधील मृत्यूपर्यंतच्या काळात प्रसिद्ध झाली. आफ्रिकेत सावजांना तोटा नव्हता; तरीही त्याची लेखणी मागे सोडलेल्या रानाकडेच वळत राहिली. शिकार हातातून जाते तेव्हा शिकारकथा हाती येते, असे यावरून म्हणता येईल.

३

व्यंकटेश माडगूळकर यांचा विचार ह्या सूत्राच्या प्रकाशात केला पाहिजे. १९२७ मध्ये औंध संस्थानातील माडगूळ येथे त्यांचा जन्म झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. शालेय शिक्षण अर्धवट सुटले, बेचाळीसच्या चळवळीने घर सोडायला लावले, आणि पुढे पुण्याच्या आकाशवाणीत त्यांनी दीर्घकाळ नोकरी केली. 'माणदेशी माणसं' (१९४९) आणि 'बनगरवाडी' (१९५५) ही त्यांची कीर्ती स्थिर करणारी पुस्तके. नंतरच्या काळात ते शिकारीकडून प्राणिनिरीक्षणाकडे वळले. 'नागझिरा', 'जंगलातील दिवस' आणि साहित्य अकादमीचा १९८३ चा पुरस्कार मिळालेली 'सत्तांतर' ही लंगुरांवरील लघुकादंबरी ही ह्या वळणाची फळे होत.

प्रचलित समीक्षा ह्या लेखनाचे दोन भाग पाडते : माणदेशचे माडगूळकर आणि जंगलाचे माडगूळकर. पहिले 'ग्रामीण', दुसरे 'निसर्गलेखक'. ही फाळणी सोयीची असली तरी ती एक गोष्ट झाकते. माणदेश हा जंगलाचा प्रदेश नाही. तो कमी पावसाचा, उघड्या माळाचा, मेंढरांचा मुलूख आहे. तेथले रान म्हणजे ससा, तित्तर, लावे, खोकड, लांडगा. भंडाऱ्याकडचे नागझिरा, जे आता १९९९ मध्ये वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात येते, हे पानझडी वृक्षांचे, वाघा-अस्वलांचे, रानगव्यांचे अरण्य. एकाच महाराष्ट्रात असूनही ही दोन राने दोन भाषांसारखी परस्परांना अपरिचित आहेत. म्हणजे निसर्गलेखक माडगूळकर हे आपल्या निसर्गात नाहीत. ते नव्या मुलखात आलेले गृहस्थ आहेत.

असे वाचले की त्या लेखनाचा सूर वेगळा ऐकू येतो. 'नागझिरा'तील निवेदक पाणवठ्याशी थांबतो, नोंदी करतो, चित्रे काढतो. त्याचे लक्ष तीक्ष्ण आहे, पण त्यात हक्काची भाषा नाही. ही पाहुण्याची नीती आहे : यजमानाच्या घरात कशाला हात लावू नये, पण सगळे नीट पाहून घ्यावे. केवळ 'हृदयपरिवर्तन' हे ह्या नीतीचे पुरेसे स्पष्टीकरण नव्हे. ज्याला आपले रान उरलेले नाही, अशा माणसाने दुसऱ्याच्या रानात कसे वागावे, या प्रश्नाचे ते उत्तर आहे. परिवर्तन खरे होते, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही; मात्र त्याचे मूळ अहिंसेच्या तत्त्वाइतकेच विस्थापनाच्या अनुभवातही शोधले पाहिजे.

याला पुरावा माणदेशी लेखनातच सापडतो. 'बनगरवाडी'चा मास्तर हा वाडीत येणारा परकाच आहे. त्याचे पहिले काम शिकवणे नसून वाचणे आहे : माणसे, त्यांच्या वाटा, त्यांचे संशय, त्यांचे मौन. ते वाचून होते न होते तोच दुष्काळ येतो, मेंढरे आणि माणसे जगायला निघून जातात आणि वाडी ओस पडते. ही कादंबरी मातीत रुजलेल्या संस्कृतीचे चित्र म्हणून वाचली जाते. वस्तुतः ती पांगापांगीची कादंबरी आहे. 'सत्तांतर'मध्येही टोळ्यांचा मुलूख, त्याची सीमा, आणि बाहेरून येणारा नर हीच आशयसूत्रे आहेत. बाहेरच्याचा शिरकाव आणि आतल्याचे हुसकले जाणे, ही दोन टोके माडगूळकरांनी माणसांत पाहिली व माकडांतही पाहिली. लेखकाचे दोन भाग पाडणाऱ्या समीक्षेला हा सांधा दिसत नाही.

४

आता तिसरी संहिता. अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १९२० मध्ये वाटेगावचा. हे गाव वाळवे तालुक्यात, म्हणजे तेव्हाच्या सातारा आणि आजच्या सांगली जिल्ह्यात. घरच्यांबरोबर ते पायी मुंबईला गेले आणि गिरणगावात वाढले. त्यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा दलित साहित्याची पूर्वसूरी म्हणून, दारिद्र्याचे विदारक चित्र म्हणून वाचली गेली आहे. तिला शिकारकथा म्हणण्याचे धाडस सहसा झालेले नाही. ते येथे करावयाचे आहे.

कथेचा नायक भीमा वारणेच्या काठचा. अंगात दांडगे बळ, गावात काम नाही. म्हणून तो मुंबईला येतो. उपनगराजवळच्या खाणीत त्याला काम मिळते, बायको-मुलीसह तो स्थिरावतो, आणि एक दिवस खाण बंद पडते. बळ आहे पण ते विकत घेणारा कोणी नाही, अशा अवस्थेत त्याला स्मशानातल्या राखेत सोने दिसते. मग तो राख चाळू लागतो, पुढे ताजी प्रेते उकरू लागतो. एका रात्री धनिकाच्या प्रेताशी त्याची कोल्ह्यांशी गाठ पडते आणि एका मुडद्यासाठी माणूस व जनावरे झुंजतात. तो कोल्ह्यांना हटवतो, परंतु प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकून चेचतात. बोटे कापावी लागतात, आणि त्याच वेळी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते.

रचनेच्या दृष्टीने पाहता शिकारकथेचे सर्व घटक येथे हजर आहेत. अंधारी रात्र, एकटा माणूस, हाती हत्यार, वाऱ्यावरचा वास, मागोवा, दबा धरून बसणे, प्रतिस्पर्धी श्वापदाशी अंगाअंगी झुंज, अखेर जखम. सावज काय ते बदलले आहे. आरंभी विचारलेले तीन प्रश्नही येथे उपस्थित आहेत. नव्या मुलखात कोणते सावज आहे? तर मेलेल्या श्रीमंताच्या तोंडातले सोने. परवानगी कोणाची? कोणाचीच नाही. वाट कोण दाखवणार? कोल्हे, कारण तेही त्याच वासावर येतात. बदलीवरच्या साहेबाला गॅझेटियर मिळते, छंदी पाहुण्याला वनखात्याचे विश्रामगृह मिळते. भीमाला मार्गदर्शक म्हणून कोल्हे मिळतात.

याला एक आक्षेप संभवतो. भीमा जिवंत प्राणी मारून खायला निघालेला नाही. तो प्रेते उकरतो. त्यास शिकारी म्हणणे म्हणजे रूपकाचा अतिरेक नव्हे काय? आक्षेप विचारार्ह आहे, पण त्याचे उत्तर कथेतच आहे. शिकारकथेत माणूस आणि श्वापद यांच्यातली श्रेणी पक्की असते. बंदूक ती पक्की ठेवते. येथे ती श्रेणी मोडते. एकाच अन्नासाठी दोघे एकाच खड्ड्याशी उभे राहतात आणि त्यांच्यातला फरक केवळ हातातल्या लोखंडाचा उरतो. शिकारीच्या संहितेने जे गृहीत धरले होते, तेच अण्णा भाऊ उघडे पाडतात. ही कथा शिकारकथेच्या प्रकारात बसत नाही असे म्हणण्यापेक्षा, ती त्या प्रकाराची चिकित्सा आहे असे म्हणणे अधिक योग्य.

वारणेच्या काठी ह्याच बळाला वेगळा अर्थ असता. रानडुकराच्या मागे धावणारा, हाका करताना पुढे राहणारा, कुस्तीचा फड मारणारा म्हणून भीमाचे नाव झाले असते. बळ तेच; मुलूख बदलताच ते अपराध ठरले. स्थलांतराने कौशल्याचे नैतिक मूल्य कसे पालटते, याचे इतके नेमके निदान निसर्गलेखनात मिळत नाही. ते त्या वर्गाच्या अनुभवविश्वातच नाही.

५

तीन संहितांची ही मांडणी केवळ वाङ्मयीन नाही. तिला कायद्याची बाजू आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा शिकारीचे परवाने पूर्णतः बंद झाले नव्हते. विशेष सावज, मोठे सावज, लहान सावज आणि जिवंत प्राणी पकडणे, अशा चार प्रकारच्या परवान्यांची तरतूद मूळ कायद्यात होती. कागदोपत्री फाशालाही एक रकाना मिळाला होता. तो रकाना भरण्यासाठी कचेरीच्या पायऱ्या कोण चढू शकत होता, हे सांगण्याची गरज नाही. १९९१ च्या दुरुस्तीने हे परवाने गेले. आज सातारा-सांगलीत, किंबहुना महाराष्ट्रात कोठेही, नव्याने राहायला आलेल्या माणसाने शिकारीची संधी विचारली तर छंदापुरते उत्तर 'नाही' एवढेच आहे. जीविताला वा पिकाला धोका असल्यास वनाधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीने होणारे अपवाद वेगळे. आणि शिकारीचा परंपरागत हक्क ह्या कायद्याने नावानिशी राखला तो निकोबार बेटांतील अनुसूचित जमातींचा. फासेपारध्यांचा असा उल्लेख त्यात नाही.

हा निषेध योग्य आहे, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. येथल्या माळांवरून काळविटांचे कळप ज्या वेगाने ओसरले ते पाहता बंदी नसती तर आज पाहण्यासारखे काही उरले नसते. परंतु समान कायद्याचे परिणाम समान नसतात. ज्याची शिकार हा छंद होता त्याला छंद बदलता आला. त्याच्या हाती दुर्बीण व कॅमेरा आला, आणि काही वेळा उत्तम गद्यही आले. ज्याची शिकार ही भाकरी होती त्याच्या हाती काय आले, याची नोंद निसर्गलेखनाने क्वचितच केली. चांदोलीच्या खोऱ्यात वारणेवरील धरण झाले, १९८५ मध्ये अभयारण्य झाले, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तेथल्या गावांना उठून सांगली-कोल्हापूरच्या सपाटीवर जावे लागले. रानाचा माग जाणणारी माणसे उसाच्या मुलखात नवी झाली. भीमाची वारणा आणि चांदोलीची वारणा एकच आहे, हे समीक्षेने विसरू नये.

ह्या पार्श्वभूमीवर मारुती चितमपल्ली यांचे उदाहरण वेगळे ठरते. जन्म १९३२ मध्ये सोलापूरचा, म्हणजे माणदेशाच्या शेजारचा. वनखात्याच्या नोकरीने त्यांना विदर्भाच्या अरण्यांत नेले. औपचारिकदृष्ट्या तेही गॅझेटियरच्या अभिप्रेत वाचकासारखे, बदलीवर आलेले अधिकारी. परंतु त्यांनी नव्या मुलखाला सावज कोठे आहे असे न विचारता, ह्याला येथे काय म्हणतात, असे विचारले. आदिवासींकडून आणि रानातल्या माणसांकडून शब्द गोळा करीत त्यांनी पक्षिकोशापर्यंत मजल मारली. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. गॅझेटियरने ज्या दोन प्रकरणांत माणूस व जनावर वेगळे केले होते, ती प्रकरणे पुन्हा जोडण्याचा हा एक मार्ग होता. वाट दाखवणारा माणूस येथे निदान भाषेत तरी परत येतो. तथापि शब्द देणारा तिथलाच राहतो आणि कोश करणारा नामवंत होतो, ही विषमता ह्या मार्गानेही मिटत नाही.

'देशी' ह्या संकल्पनेचा आपल्या समीक्षेवर गेली काही दशके मोठा प्रभाव आहे. तिच्यात भूमीशी असलेल्या नात्याला केंद्रस्थान आहे, आणि ते रास्तही आहे. मात्र भूमी म्हणजे ज्या जागी माणूस टिकला ती जागा, असे तीत नकळत धरले जाते. सातारा-सांगलीचे श्रेष्ठ लेखन ह्या गृहीताला छेद देते. माडगूळचे माडगूळकर पुण्यात, वाटेगावचे अण्णा भाऊ मुंबईत, आणि 'तराळ अंतराळ' लिहिणारे आटपाडीचे शंकरराव खरातही गावाबाहेर पडूनच लेखक झाले. ह्या मुलखाचे ज्ञान त्या मुलखाबाहेर लिहिले गेले. म्हणून निसर्गलेखन, ग्रामीण साहित्य आणि दलित साहित्य असे तीन वेगळे कप्पे ठेवण्यापेक्षा, मुलूख सुटलेल्यांनी नव्या मुलखात काय शोधले, ह्या एका प्रश्नाखाली ते वाचणे अधिक फलदायी होईल. तसे वाचल्यास 'नागझिरा' आणि 'स्मशानातील सोनं' ही दोन पुस्तके-कथा एकाच अभ्यासक्रमात शेजारी ठेवता येतील. पाणवठ्याशी शांत बसलेला निरीक्षक आणि खड्ड्याशी कोल्ह्यांना हटवणारा भीमा, दोघेही एकाच जिल्ह्यातून निघाले होते. एकाला नव्या रानात पाहुणचार मिळाला आणि दुसऱ्याला नाही. हा फरक प्रतिभेचा नव्हे, आणि नीतीचाही नव्हे. तो कशाचा आहे हे सांगणे हे समीक्षेचे काम आहे.